गणेशखिंडीतले सार्वजनिक अंगण
व्याख्याने, प्रदर्शने आणि प्रयोग : पंच्याहत्तर वर्षांचा आढावा

विद्यापीठाचा इतिहास म्हटला की अधिनियम, विभाग, कुलगुरू, परीक्षा आणि पदवीदान समारंभ डोळ्यांपुढे येतात. ते सारे लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. या लेखाचा विषय थोडा बाजूचा आहे. ज्यांचे नाव पुणे विद्यापीठाच्या हजेरीपटावर कधीच नव्हते, ज्यांनी शुल्क भरले नाही की परीक्षा दिली नाही, तरीही ज्यांना गणेशखिंडीच्या आवाराने काही ना काही दिले, त्या श्रोत्यांचा, प्रेक्षकांचा आणि शाळकरी पोरांचा हा इतिहास आहे. स्मरणिका महोत्सवी वर्ष सरल्यावरच निघायच्या, हा आपल्याकडचा रिवाज. त्यामुळे २०२४ नंतरच्याही एकदोन गोष्टी यात आल्या आहेत. तेवढी सवलत वाचक देतील.

पूर्वपीठिका

विद्यापीठाची मुख्य इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी निवास. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६४ मध्ये तिचे काम सुरू झाले आणि १८७१ मध्ये ते पुरे झाले. वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ. राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न हाउसवरून तिचा नमुना घेतला असे सांगतात. कापसाची तेजी ओसरून मुंबई इलाख्याचे हात आखडलेले असताना एवढा खर्च झाला म्हणून फ्रिअरसाहेबांवर टीकाही बरीच झाली.

इमारत उभी राहिली त्यानंतर चारच वर्षांनी, १८७५ मध्ये, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने शहरात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. म्हणजे पुण्यात तेव्हा दोन तऱ्हेच्या सभा भरत होत्या. एक शहरात, जिथे कोणीही यावे, ऐकावे आणि पटले नाही तर तसे बोलून दाखवावे. दुसरी गणेशखिंडीत, जिथे निमंत्रणपत्रिकेवाचून फाटकाच्या आत पाऊल पडत नसे. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ याच बंगल्यात झाला. तिथून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्यांवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. हा प्रसंग महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९७९ साली त्याच तारखेच्या नावाने मराठी चित्रपटही आला. ज्या आवारात शहराने कधी पाऊल ठेवले नव्हते, त्याचे नाव शहराच्या तोंडी बसले ते या गोळ्यांमुळे.

आरंभीचे दशक : १९४९ ते १९५९

१९४८ च्या अधिनियमानुसार १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू डॉ. मुकुंदराव जयकर. कचेरी सुरू झाली ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाउसमध्ये, पाहुण्यासारखी. काही महिन्यांतच बाळासाहेब खेरांच्या सरकारने गणेशखिंडीचा गव्हर्नरी बंगला आणि भोवतालची जमीन विद्यापीठाच्या हवाली केली. ४११ एकरांचा विस्तार, जुनी वडाची झाडे, लांबच लांब हिरवळी आणि मध्ये मनोऱ्याची इमारत. मेजवान्यांसाठी बांधलेली दालने आता विद्यापीठाच्या कामाला लागायची होती.

जागा मिळाली, पण ती शहरापासून दूर होती. आज औंध-बाणेरपर्यंत पसरलेले पुणे पाहणाऱ्याला हे खरे वाटणार नाही. त्या काळी संध्याकाळी व्याख्यान ऐकून सायकलवर सदाशिव पेठेत परतायचे म्हणजे अंधारातला प्रवास. तेव्हा लोकांनी विद्यापीठात यावे ही अपेक्षा फोल होती. विद्यापीठानेच लोकांकडे जायला हवे होते. अधिकारक्षेत्रही पश्चिम महाराष्ट्रातल्या बारा जिल्ह्यांचे. संलग्न महाविद्यालये अवघी अठरा आणि विद्यार्थी आठ हजारांच्या वर. इतक्या मोठ्या मुलखात इतकी थोडी महाविद्यालये, म्हणजे उच्च शिक्षणाचा वाराही न लागलेली गावे किती असतील याचा अंदाज करावा.

या गरजेतून बहिःशाल शिक्षणाचे काम वाढले. पहिल्या कुलगुरूंच्या नावाने चालणारी डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला हा त्या कामाचा सर्वांत टिकाऊ भाग. तिची रीत साधी. एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयाने यजमानपण घ्यायचे, बहुधा तीन दिवस तीन वक्ते, विषय इतिहासापासून आरोग्यापर्यंत कोणताही, आणि दार गावाला उघडे. वक्ता एसटीने यायचा, एखाद्या प्राध्यापकाच्या घरी जेवायचा, मिळेल त्या मानधनावर समाधान मानून रात्रीच्या गाडीने परतायचा. समोर विद्यार्थ्यांबरोबर निवृत्त शिक्षक, दुकानदार आणि सोसायटीचे चेअरमन. सतरंज्या घालणारे शिपाई, ध्वनिक्षेपक सांभाळणारा गावातला मंडपवाला आणि पाहुणे वेळेवर येतील ना या काळजीत स्टँडवर उभे राहणारे कार्यवाह, यांची नावे कुठल्या अहवालात नाहीत. ही व्याख्यानमाला चालली ती त्यांच्यामुळे.

जयकर १९५६ पर्यंत कुलगुरू होते. त्यांच्यानंतर रँग्लर र. पु. परांजपे आले. शेजारी पाषाण रस्त्यावर १९५० च्या जानेवारीत राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उघडली होती. गणेशखिंडीचा परिसर हळूहळू विद्येचा मुलूख होऊ लागला होता. मात्र सर्वसामान्य पुणेकराचे त्या बाजूला काम पडत नसे, चतुःशृंगीच्या यात्रेचे दिवस सोडले तर.

१९६० चे दशक

या दशकात कुलगुरूपदावर एकाहून एक फर्डे वक्ते आले. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार १९६१ मध्ये, त्यांच्यामागून काकासाहेब गाडगीळ. पोतदारांची स्मरणशक्ती आणि काकासाहेबांचा मिस्किलपणा यांच्या आख्यायिका अजून सांगितल्या जातात. कुलगुरूच सभा जिंकणारा असला की सार्वजनिक व्याख्यानांना प्रतिष्ठा आपोआप येते. पुढे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळही अल्पकाळ कुलगुरू होते.

१९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाले आणि दक्षिणेकडचा मुलूख तिकडे गेला. पसारा आटोपशीर झाला. तरी शहर आणि आवार यांतले अंतर तसेच राहिले. या काळात विद्यापीठ शहराला भेटत होते ते फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. परकीय भाषांचे आणि पत्रकारितेचे वर्ग तिथे भरत. नोकरी सांभाळून जर्मन शिकणारा कारकून आणि बातमीदारीचे स्वप्न पाहणारा तरुण एकाच जिन्यावरून चढत. वर्ग सुटल्यावरच्या गप्पा हेही एक व्याख्यानच असे, अध्यक्षाविना आणि आभारप्रदर्शनाविना.

नाटकाचे तर सगळेच शहरात होते. महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ मध्ये पुरुषोत्तम करंडक सुरू केला आणि महाविद्यालयीन एकांकिकांना भरत नाट्य मंदिराचे घर मिळाले. विद्यापीठाचे विद्यार्थी नाटक करत होते, उत्तम करत होते. फक्त विद्यापीठात करत नव्हते. हे अंतर मिटायला आणखी पाव शतक जावे लागले.

१९७० चे दशक

या दशकाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, आणि ओढूनताणून लिहू नये. दुष्काळ, आणीबाणी, विद्यार्थ्यांची आंदोलने यांत विद्यापीठाचे बळ खर्च झाले. जयकर व्याख्यानमाला खंड न पडू देता चालू ठेवणारी महाविद्यालये हीच या काळाची जमेची बाजू. देवदत्त दाभोलकर आणि त्यांच्यामागून राम ताकवले या दोन कुलगुरूंचा कल शिक्षण चार भिंतींबाहेर नेण्याकडे होता. ताकवले पुढे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, यावरून तो ध्यास किती खोलवर होता ते दिसते.

१९८० चे दशक : दोन पायाभरण्या

आमच्या मते विद्यापीठाच्या सार्वजनिक जीवनाला वळण मिळाले ते १९८७ आणि १९८८ या लागोपाठच्या दोन वर्षांत. तोवर विद्यापीठ गावात जात होते. यानंतर गाव विद्यापीठात येऊ लागले.

१९८७ मध्ये ललित कला केंद्र सुरू झाले. संगीत, नृत्य आणि नाट्य हे विषय विद्यापीठात शिकवावेत का, हा वाद जुना. ज्याच्या गळ्यात सूर नाही त्याला पदवी देऊन काय होणार, असे घराणेदार मंडळी म्हणत. ज्याची लेखी परीक्षा नीट घेता येत नाही तो विषय विद्यापीठाचा कसा, असे विद्वत्सभेतले लोक म्हणत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आधीच उभा होता आणि मुंबई विद्यापीठात अशोक रानड्यांनी संगीत केंद्र चालवून दाखवले होते. पुण्याने काढलेला तोड गुरुकुल पद्धतीचा. गाणे आणि नाच गुरूसमोर बसूनच शिकायचा, विद्यापीठाने त्याला अभ्यासाची चौकट, शास्त्राची जोड आणि पदवी द्यायची. कथ्थकच्या क्षेत्रातल्या थोर गुरू रोहिणी भाटे यांनीही केंद्रात अध्यापन केले. पुण्यासारख्या शहरात गुरूंची वाण नव्हती. कमी होती ती गुरूच्या घराला आणि विद्यापीठाच्या कचेरीला जोडणाऱ्या पुलाची.

दुसरी पायाभरणी शब्दशः पायाभरणीच होती. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष प्रा. यशपाल यांना देशातल्या सगळ्या विद्यापीठांना वापरता येईल असे खगोलशास्त्राचे केंद्र हवे होते. त्याची जबाबदारी त्यांनी डॉ. जयंत नारळीकरांवर टाकली. नारळीकर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. कुलगुरू डॉ. व्ही. जी. भिडे हे स्वतः पदार्थवैज्ञानिक. त्यांच्या काळात विद्यापीठाच्या आवारात जागा देण्याचे ठरले. १९८८ साली आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली आयुका, स्थापन झाली. तिची कोनशिला २९ डिसेंबर १९८८ रोजी बसली. नारळीकरांबरोबर नरेश दधीच आणि अजित केंभावी हे तिचे आरंभीचे शिल्पकार. दधीच तर पुणे विद्यापीठाच्याच गणित विभागातले.

आयुका ही स्वायत्त संस्था आहे, विद्यापीठाचा विभाग नव्हे. शुद्ध हिशेबाने तिला या लेखात जागा देऊ नये असे कोणी म्हणेल. पण सुट्टीच्या दिवशी मुलाचा हात धरून विद्यापीठाच्या फाटकातून आत शिरणाऱ्या पालकाला हा भेद ठाऊक नसतो, आणि आम्ही हा इतिहास त्याच्या बाजूने लिहीत आहोत.

१९९० चे दशक

आयुकाची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचली, आणि ती स्वतःच एक कायमचे प्रदर्शन आहे. प्रवेशाच्या भिंती खाली आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या, त्यावर कडाप्पा, त्याहून वर चकचकीत काळा ग्रॅनाइट; काळ्यावर काळे चढत आकाशाला भिडते. आत पायऱ्यापायऱ्यांचे कुंड, आणि त्यात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन व आइन्स्टाइन यांचे पुतळे. फरशीत आणि पायऱ्यांत गणिती आकृत्या दडवलेल्या आहेत. पृथ्वी स्वतःभोवती फिरते याचा पुरावा देणारा फुकोचा लंबक टांगलेला आहे. तो पाहायला आलेली मुले आधी हसतात, मग काही वेळाने लंबकाची दिशा बदललेली पाहून गप्प होतात. कोणत्याही फलकाविना एवढे शिकवणारी दुसरी इमारत पुण्यात नाही.

डिसेंबर १९९२ मध्ये नोबेल पारितोषिक विजेते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते संस्था राष्ट्राला अर्पण झाली. सभागृहालाही त्यांचेच नाव आहे. पुढे या सभागृहाने शास्त्रज्ञांच्या जाहीर व्याख्यानांबरोबर गाण्याच्या मैफलीही पाहिल्या.

नारळीकरांनी सुरुवातीपासून एक पथ्य पाळले. संशोधन कितीही उच्च कोटीचे असो, शाळेतल्या मुलासाठी दार उघडे असले पाहिजे. हे गृहस्थ १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपण नावाने कथा पाठवून बक्षीस मिळवणारे, त्यामुळे सामान्य वाचकाशी बोलायची त्यांना आच होतीच. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यान, एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठी वा हिंदीत, असा क्रम पडला. उन्हाळ्याच्या सुट्टीत निवडक मुलांना आठवडाभर एकेका शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला मिळे. त्याला ठरलेला अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. आठवीनववीतल्या पोराने खऱ्याखुऱ्या शास्त्रज्ञाच्या खोलीत बसून गणित सोडवायचे, चुकायचे, पुन्हा करायचे.

व्याख्यानानंतर मुले सहीसाठी वह्या पुढे करत. नारळीकर वहीत सही देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेल, असे सांगत; आणि खरोखर उत्तरे पाठवत. पंधरा पैशांच्या कार्डावर विश्वाच्या आरंभाबद्दल शंका विचारणारी आणि तिला परतटपाली उत्तर मिळणारी मुले जगात फार ठिकाणी नसतील. सार्वजनिक व्याख्यानाचे खरे माप टाळ्यांत नसून दुसऱ्या दिवशी आलेल्या टपालात असते, हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही, नुसते अमलात आणले.

राष्ट्रीय विज्ञान दिनाचा मोठा सोहळाही या दशकात रुजला. सी. व्ही. रामन यांच्या शोधाची आठवण म्हणून १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा दिवस देशभर पाळला जाऊ लागला. तेव्हा केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे सचिव असलेले वसंत गोवारीकर १९९५ मध्ये आपल्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मराठीतून विज्ञान सांगण्याची त्यांनाही तितकीच हौस. या दिवशी आयुकाची प्रयोगशाळा, संगणककक्ष, ग्रंथालय सारे लोकांना खुले. भित्तिचित्रांपुढे उभे राहून समजावून सांगायला पीएच. डी. करणारे विद्यार्थी आणि ज्येष्ठ प्राध्यापक दोघेही. शाळांच्या प्रश्नमंजूषा, निबंध आणि चित्रकलेच्या स्पर्धा, रात्री दुर्बिणीपुढे रांग. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुली पहिल्यांदाच शनीची कडी पाहून, हे चित्र चिकटवले आहे का, असे विचारत. प्रश्न अगदी बरोबर असे.

इकडे १९९६ मध्ये सतीश आळेकर ललित कला केंद्राचे प्रमुख झाले. 'महानिर्वाण' आणि 'बेगम बर्वे' लिहिणारा हा नाटककार तोवर बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्रात काम करत होता. विद्यापीठाच्या चाकोरीत न वाढलेला माणूस विद्यापीठाने विभागप्रमुख केला, याचे श्रेय निवड करणाऱ्यांनाही द्यायला हवे. ते २००९ पर्यंत तिथे होते. या तेरा वर्षांत केंद्राचे रूप पालटले. विद्यार्थ्याने नुसता अभिनय शिकायचा नाही. नेपथ्याचे खिळे ठोकायचे, प्रकाशयोजनेच्या वायरी ओढायच्या, कपड्यांना इस्त्री करायची आणि प्रयोगानंतर रंगमंच झाडायचा. सत्राअखेरीचे प्रयोग परीक्षेसाठी असत, पण परीक्षकांबरोबर प्रेक्षकही असत, आणि प्रेक्षकांत शहरातले जाणते रंगकर्मी असत. ज्या मुलाने भरत नाट्य मंदिरातल्या आरोळ्या ऐकून नाटक सुरू केले होते, त्याला इथली शांतता प्रथम जड जाई. हळूहळू कळे की लोक ऐकत आहेत.

२००० चे दशक

पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले. पु. लं.नी आणि सुनीताबाईंनी आपल्या प्रतिष्ठानामार्फत केलेल्या दानांची यादी मोठी आहे, आणि त्यातली बहुतेक गाजावाजा न करता दिलेली. त्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून आयुकाच्या आवारात मुलांसाठी विज्ञान केंद्र उभे राहिले. नाव मुक्तांगण विज्ञान शोधिका. इमारतीचे नाव पुलस्त्य, सप्तर्षींमधला एक तारा, त्यात पु. ल. कुठे आहेत ते मराठी माणसाला सांगावे लागत नाही. ज्याने महाराष्ट्राला हसवले, त्याच्या पैशांतून मुले भोवरे फिरवत भौतिकी शिकतात, हा योग पु. लं.ना आवडला असता.

शोधिकेला तिचा माणूसही मिळाला. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेले, पुण्यात टेल्कोत नोकरी केलेले आणि होशंगाबादच्या खेड्यांत मुलांना विज्ञान शिकवण्याच्या कामात रमलेले अरविंद गुप्ता २००३ मध्ये इथे आले आणि २०१४ पर्यंत राहिले. त्यांचे सामान म्हणजे आगकाड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, सरबताच्या नळ्या, फुटक्या बाटल्या, जुन्या सीडी, चुंबक आणि वर्तमानपत्राचा कागद. प्रदर्शन म्हटले की काचेची कपाटे आणि 'हात लावू नये' अशी पाटी, ही आपली समजूत त्यांनी निकालात काढली. इथे हात लावल्याशिवाय काही दिसतच नाही. नळीचे टोक चपटे करून कात्रीने कापले की पिपाणी वाजते. नळी वाजवता वाजवता कापत गेले की स्वर चढत जातो. आणि मग स्वर का चढला हा प्रश्न मुलेच विचारतात. विज्ञानाच्या तासाला तोच प्रश्न शिक्षक विचारतात तेव्हा वर्ग खिडकीबाहेर पाहत असतो.

रोज एखाददुसऱ्या शाळेची बस येई. मुले खेळणे करून घरी घेऊन जात. गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खेळण्यांच्या छोट्या फिती मराठीसह अनेक भाषांत केल्या आणि त्या सर्वांना मोफत दिल्या. त्यांचा परिणाम पुण्यापुरता राहिला नाही. २०१८ मध्ये गुप्तांना पद्मश्री मिळाली. मात्र शोधिका एकट्याच्या बळावर चालली नाही हे ते स्वतःच सांगत. खेळणी जुळवणारे, चित्रण करणारे, शाळांना दूरध्वनी करून वेळा ठरवणारे आणि पोरांनी केलेला कागदांचा ढीग रोज आवरणारे कर्मचारी, या सगळ्यांची ती संस्था.

आकाशानेही या दशकात हातभार लावला. २००३ च्या ऑगस्टमध्ये मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ आला. ८ जून २००४ रोजी शुक्राचे अधिक्रमण झाले. २००९ हे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष. अशा प्रत्येक वेळी लोक दुर्बिणीपाशी लोटत. मे २००६ मध्ये आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आंबेगाव तालुक्यातल्या गिरवलीच्या डोंगरावर उभी राहिली. आवारातल्याच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची तीस महाकाय तबकड्यांची दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला आधीपासून होती. तिथे विज्ञान दिनाला भरणारे प्रदर्शन आणखी वेगळे. आसपासच्या गावांतल्या शाळा आपापली उपकरणे घेऊन येतात आणि कांद्याच्या शेतांमधून ट्रॅक्टर-टेम्पोने माणसे लोटतात. जयकर व्याख्यानमालेने पन्नास वर्षांपूर्वी जी वाट पाडली होती, तिच्यावर आता दुर्बिणी उभ्या होत्या.

विद्यापीठाच्या स्वतःच्या सभागृहांची वर्दळही वाढली. संत नामदेव सभागृह हे व्याख्याने, परिसंवाद आणि युवक महोत्सवांचे नेहमीचे ठिकाण झाले. २००३ पासून राज्यातल्या विद्यापीठांचा 'इंद्रधनुष्य' महोत्सव भरू लागला आणि लोककला, मूकनाट्य, समूहगायन यांच्या तालमींनी आवारातल्या संध्याकाळी गजबजू लागल्या. ढोलकीच्या तालमीचा आवाज ग्रंथालयात येतो ही तक्रार मात्र प्रत्येक पिढीने केली आहे. तिचा निकाल अद्याप लागलेला नाही.

२०१० चे दशक

२०१४ मध्ये विद्यापीठाच्या नावात सावित्रीबाई फुले यांचे नाव आले. जिने पुण्यात मुलींसाठी शाळेचे दार उघडले तिचे नाव गव्हर्नरच्या बंगल्यावर लागले. याच दशकात मुख्य इमारतीच्या जीर्णोद्धाराचे मोठे काम झाले. चुना, लाकूड आणि दगड यांची जाण असलेल्या कारागिरांनी ते केले. विद्यार्थ्यांना हाताने प्रयोग करून पाहता यावेत यासाठी विद्यापीठाने विज्ञान पार्कही उभारले. भूशास्त्र आणि मानवशास्त्र विभागांची संग्रहालये पूर्वीपासून होती. त्यांची माहिती मात्र आवाराबाहेर फारशी गेली नाही. ही उणीव आपली आहे.

ललित कला केंद्राच्या अंगणमंचाने या काळात स्वतःचा प्रेक्षक तयार केला. उघड्यावरचा छोटा रंगमंच, प्रेक्षक जवळ बसलेले, नटाचा श्वास ऐकू येतो. इथे विद्यार्थ्यांनी संगीत नाटकांपासून अगदी ताज्या संहितांपर्यंत सारे करून पाहिले. काही प्रयोग फसले. विद्यापीठात ते फसायलाच हवेत. तिकीटबारीवर चालणाऱ्या रंगभूमीला ती चैन परवडत नाही. केंद्रातून बाहेर पडलेली मुले आज व्यावसायिक आणि प्रायोगिक रंगभूमीवर, मालिकांत, चित्रपटांत, शाळांतल्या नाट्यवर्गांत पसरली आहेत.

११ फेब्रुवारी २०१६ हा दिवस विशेष नोंदवायला हवा. गुरुत्वलहरी प्रथमच टिपल्या गेल्याची घोषणा त्या दिवशी अमेरिकेत झाली आणि त्याच वेळी आयुकात भारतीय शास्त्रज्ञ पत्रकारांपुढे बसले होते. त्या संशोधनात आयुकातल्या संजीव धुरंधर आणि त्यांच्या शिष्यांचा अनेक वर्षांचा वाटा होता. एरवी परदेशातली बातमी आपल्याकडे दुसऱ्या दिवशी भाषांतर होऊन यायची. त्या रात्री पुण्याच्या पत्रकारांना ती सांगणारी माणसे समोरच होती, आणि ती मराठीतही सांगू शकत होती.

२०२० नंतर

करोनाने सभागृहे बंद केली. व्याख्याने पडद्यावर गेली. गडचिरोलीतला मुलगा पुण्यातले व्याख्यान ऐकू शकला, हा लाभ मोठाच. पण नाटकाच्या विद्यार्थ्याला पडद्यावर तालीम करावी लागली, आणि खेळणे हातात घेऊन पाहायचे ते दुसऱ्याच्या हातात पाहावे लागले. दोन्हींतला फरक तेव्हा सर्वांना पुरता कळला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मुख्य इमारतीपाशी सावित्रीबाईंचा पुतळा उभा राहिला. २०२४ मध्ये विद्यापीठाला पंच्याहत्तर वर्षे झाली. या वर्षांत प्रयोगांवरून आणि व्याख्यानांवरून मतभेदाचे प्रसंगही आले. शहाण्यासुरत्या माणसांच्या संस्थेत ते येतात. त्यांची चर्चा करण्याची ही जागा नव्हे. व्याख्यान आणि नाटक चालू राहिले, एवढे नमूद करणे पुरे. २० मे २०२५ रोजी जयंत नारळीकर गेले, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नरेश दधीचही. दुसऱ्या शनिवारचा क्रम मागे ठेवून दोघे गेले.

अडचणी आहेत. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला गेला, आणि त्यानंतरची वर्षे सहाच्या व्याख्यानाला साडेसहाला पोचणाऱ्या श्रोत्याला दोष देणे अवघड होते. जयकर व्याख्यानमालेचे मानधन महागाईच्या मागे राहते. ललित कलांच्या विद्यार्थ्यांना मोठ्या, सुसज्ज नाट्यगृहाची गरज आहे, आणि संग्रहालयांना शहराला माहीत होण्याची.

शेवटी वाचकांना एक विनंती. या आवारातल्या कार्यक्रमांची कागदपत्रे फार विखुरलेली आहेत. ज्यांच्या कपाटात जयकर व्याख्यानमालेच्या जुन्या पत्रिका, ललित कला केंद्राच्या प्रयोगांची हस्तपत्रके, विज्ञान दिनाची छायाचित्रे, ध्वनिफिती किंवा नारळीकरांनी उत्तर लिहिलेले पोस्टकार्ड असेल, त्यांनी त्यामागे तारीख, ठिकाण आणि दिसणाऱ्या माणसांची नावे लिहावीत आणि मूळ नाही तर निदान त्याची प्रत विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाकडे द्यावी. शताब्दीची स्मरणिका काढणाऱ्यांना ती लागणार आहे.